पुरणाचं प्रमाण आणि परत आलेली मेल

नमस्कार मंडळी. आज मेल बाऊन्स झाली तर आपण काय करतो, पत्त्यात एखादा डॉट राहिलाय का बघतो आणि परत पाठवतो, विषय संपला. मी सांगतोय ते १९९० सालचं. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं, सगळ्यांसाठीचं इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे त्याला अजून पाच वर्षं होती. तेव्हा होतं अर्नेट, शिक्षण-संशोधनवाल्या संस्थांचं नेटवर्क. जुहूला एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधनाच्या संस्थेत शक्ती नावाचं मशीन होतं, तिथून मेल अमेरिकेत युयुनेट नावाच्या नेटवर्क कंपनीला जायची. मी मुंबईतच एका संस्थेत होतो, आमचं मशीन रात्री मोडेमवरून फोन लावायचं, लागला तर मेल जायची, एंगेज लागला की बसा उद्यापर्यंत.

तर होळीला आठ-दहा दिवस होते आणि अमेरिकेत शिकणाऱ्या मित्राची मेल आली. रोमनमध्ये मराठी, देवनागरी कुठली तेव्हा. "आईला विचार पुरणाला डाळ किती गूळ किती, इथे चार जणांना जेवायला बोलावलंय." आयएसडी परवडणारा नव्हता, त्याच्या आईकडे फोनही नव्हता. मी संध्याकाळी दादरला त्यांच्या घरी. काकू म्हणतात, प्रमाण कसलं रे, हाताला कळतं. म्हटलं काकू, हात मेलमधून जात नाही, वाटीने सांगा. मग त्यांनी डब्यातून डाळ काढून वाटीने मोजली, गूळ किसून मोजला, आणि सांगितलं, वाटीला वाटी, गोड लागत असेल तर वर मूठभर. (साखरेचं पुरण करणाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही, रेडिओ आहे. पण जायफळ हवंच, नुसती वेलची म्हणजे पुरण नव्हे, शिरा.)

दुसऱ्या दिवशी सगळं टाइप केलं, रिप्लायचा आर दाबला आणि निवांत झालो. तिसऱ्या दिवशी मेल परत! पाठवणारा कोण, तर मेलर-डीमन. आमच्या ऑफिसातल्या एकाने ते डेमन वाचलं आणि विचारलं, हे कुठलं भूत? भूतबित काही नाही, मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम. खाली लिहिलं होतं, होस्ट अननोन. म्हणजे असं मशीनच माहीत नाही. अरे, तिथूनच तर पत्र आलं!

आता गंमत ऐका. यूयूसीपी म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला फोन लावून मेल पुढे द्यायची तेव्हाची पद्धत, आणि तिचा पत्ता म्हणजे पत्ता नव्हताच, वाट होती. या मशीनला दे, ते त्या मशीनला देईल, ते पुढच्याला, आणि प्रत्येक नावामध्ये एक उद्गारचिन्ह, त्याला म्हणायचे बँग. दुसरीकडे ॲटवाले पत्ते, ते १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने सुरू केलेले. आणि एकाच पत्त्यात बँग पण आणि ॲट पण आले की झाला घोळ, काही मशीनं आधी बँग वाचायची, काही आधी ॲट. माझ्या उत्तरात शेवटी ॲट होता आणि त्यापुढे मित्राच्या कॅम्पसमधल्या मशीनचं घरगुती नाव, म्हणजे चाळीत सगळे बंड्या म्हणतात पण पोस्टमनला बंड्या माहीत नाही तसं. मधल्या एका मशीनने आधी ॲट वाचला, बंड्याला शोधलं, सापडला नाही, मेल परत.

म्हणून लक्षात ठेवा, पत्र आलं ती वाट परत जायची वाट असेलच असं नाही. परत सांगतो, आलेली वाट ती परतीची वाट नव्हे. इंग्लंडात तर पत्ते उलटेच लिहायचे, यूके आधी आणि डिपार्टमेंट शेवटी, आणि कॉम्प्युटर सायन्सचं सीएस शेवटी आलं की बाहेरच्या मशीनला वाटायचं हा देशाचा कोड, पत्ता चेकोस्लोव्हाकियाचा!

उपाय काय, तर परत आलेल्या मेलवरच्या ओळी खालून वर वाचायच्या. पाकिटावर जसे पोस्टाचे शिक्के पडतात तशी प्रत्येक मशीन आपली ओळ वर चढवतं, सगळ्यात जुनी तळाला. लोक हे वाचतच नाहीत हो, आजही नाही. आज निदान परत आलेल्या मेलमधला एररचा नंबर तरी बघा, चारने सुरू असेल तर थोडं थांबा, पाचने असेल तर थांबून उपयोग नाही.

मी ओळी लावत बसलो होतो तेवढ्यात अमेरिकेतून अनोळखी मेल. त्या मधल्या मशीनचा पोस्टमास्टर, खरा माणूस! मेल घेणाऱ्या प्रत्येक मशीनवर पोस्टमास्टर या नावाने कोणीतरी हवंच, हा नियम १९८२ सालापासूनचा. (नाहीतर आजचे ते नोरिप्लाय. उत्तर नको तर पत्र पाठवता कशाला?) परत गेलेल्या मेलची कॉपी त्याच्याकडे पडली होती, त्याने ती बघून पत्ता हाताने नीट केला आणि पुढे पाठवली. मला लिहिलं, पोचेल आता, पण हा फॉर्म्युला कसला, आणि गूळ म्हणजे काय? सोबत चालणारी वाट पण लिहून दिली.

मित्राला मेल मिळाली तेव्हा होळी होऊन दोन दिवस झाले होते. त्याने अंदाजाने ब्राऊन शुगर घातलेली, पुरण इतकं सैल झालं की चौघांनी ते वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं.

पोस्टमास्टरला मी गुळावर दोन स्क्रीन भरून लिहिलं, तर त्याचा पुढचा प्रश्न, डाळीचं ते उरलेलं पाणी फेकून देता का? फेकून! म्हटलं बाबा रे, तो कट, त्याचीच तर आमटी. ते उत्तर पहिल्या फटक्यात पोचलं, आर दाबला नव्हता ना, वाट हाताने लिहिली होती. बरं, काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत, थांबतो. नमस्कार.