स्टेटमेंटवरचं अनोळखी रेस्टॉरंट

श्रोतेहो, नमस्कार.

बँकेचं स्टेटमेंट चाळताना मध्येच एका रेस्टॉरंटचं नाव दिसतं आणि तिथे आपण कधी पाऊलही टाकलेलं नसतं. छातीत धस्स होतं. मग घरातच चौकशी सुरू होते, "तू गेला होतास का?" आणि विनाकारण वाद पेटतो. अशा वेळी माझं सांगणं एवढंच, की त्या ओळीतल्या नावावर सगळ्यात कमी भरवसा ठेवा. आधी रक्कम आणि तारीख बघा.

नाव का फसवतं? पाटीवर एक नाव असतं, पण बँकेकडे नोंद असते ती बहुतेक वेळा मालकाच्या कंपनीची. शेजारी छापलेलं गावही कधी मुख्य कचेरीचं निघतं. त्यात कार्डाच्या व्यवहारात दुकानाच्या नावाला जागा मिळते जेमतेम 25 अक्षरांची. लांब नाव मध्येच तुटतं आणि उरलेलं तुकड्यासारखं, परकं वाटतं. काही ओळींत सुरुवातीला दोन-तीन अक्षरं आणि पुढे तारांकन, म्हणजे छोटा तारा, असतो. ती अक्षरं पैसे गोळा करून देणाऱ्या मधल्या कंपनीची. 'एसक्यू' म्हणजे स्क्वेअर, 'टीएसटी' म्हणजे टोस्ट. रेस्टॉरंटचं नाव ताऱ्याच्या पुढे शोधायचं.

आणखी एक गंमत आहे. प्रत्येक दुकानाला धंद्याच्या प्रकाराचा चार आकडी कोड दिलेला असतो. बसून जेवायच्या ठिकाणांचा 5812, झटपट खाण्याच्या ठिकाणांचा 5814. अ‍ॅपमध्ये 'रेस्टॉरंट' असा शिक्का दिसतो तो बहुधा या कोडवरून. त्यामुळे नाट्यगृहातल्या किंवा क्लबातल्या उपाहारगृहात घेतलेला चहासुद्धा रेस्टॉरंट म्हणून समोर येऊ शकतो.

आता तारीख. तुम्ही जेवलात शनिवारी आणि नोंद पडली सोमवारी, असं सर्रास होतं. म्हणून छापलेल्या तारखेच्या आधीचे दोन-चार दिवस आठवा, फोनमधले मेसेज आणि फोटो बघा. रक्कमही थोडी हलते. कार्ड लावताना बँक बिलाएवढे पैसे अडवून ठेवते, टिप मागाहून मिळवली जाते आणि शेवटचा आकडा वेगळा येतो. मधल्या काळात एकाच जेवणाच्या दोन ओळीही दिसतात. त्यातली 'पेंडिंग' लिहिलेली सहसा आपोआप जाते. दोन्ही पक्क्या झाल्या, तर मात्र पैसे खरंच दोनदा गेलेत.

घरातल्या दुसऱ्या कुणाकडे त्याच खात्याचं कार्ड आहे का, हेही विचारा. पण शांतपणे, आरोप न करता.

एवढं करूनही ओळख पटली नाही, तर थांबू नका. रक्कम किरकोळ आहे म्हणून सोडून देणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. चोरलेलं कार्ड चालतंय का, हे पाहायला चोर आधी छोटीच रक्कम काढतात. अ‍ॅपमधून कार्ड लगेच बंद करा आणि बँकेला फोन लावा. नंबर कार्डाच्या मागे छापलेलाच घ्या, मेसेजमध्ये आलेला किंवा इंटरनेटवर सापडलेला नको. दुकानाचं पूर्ण नोंदणीकृत नाव विचारा. ते ऐकून कधी कधी तिथेच उलगडा होतो. नाही झाला, तर त्याच फोनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. या तक्रारींना मुदत असते, त्यामुळे पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटची वाट बघत बसू नका. पिन किंवा ओटीपी कुणी मागितला, तर समोरचा बँकेचा माणूस नाही. फोन तिथेच ठेवा.