पट्टीतून उमलणारा षट्कोन

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. कौलारू शाळा, बाहेर पावसाची झड.)

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस एकदा लागला की मैदानावर पाय ठेवायची सोय राहत नाही. अशा दिवसांत या मराठी शाळेत खेळाच्या तासाला बाई उमलणारा कागदी षट्कोन करायला जुनी कॅलेंडरं बाहेर काढतात. कुणाच्या घरचं कॅलेंडर कन्नड आकड्यांचं, कुणाचं देवनागरी. वर्तमानपत्राचा कागद लुळा पडतो, लग्नपत्रिकेचा घडीवर तडकतो. कॅलेंडरचं पान या कामाला अगदी नेमकं.

तीन सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी कापायची. तिच्यावर समभुज त्रिकोण हवेत, म्हणजे प्रत्येक कोन ६० अंशांचा. कोनमापक मात्र दप्तरातच राहू द्यायचा.

(दृश्य: बोटं आणि पट्टी, जवळून.)

आता नीट बघा. टोकाशी अंदाजाने एक तिरकी घडी. समजा ती ७० अंशांची पडली, चांगलीच चुकली. वरच्या कडेशी कोन उरला ११० चा. पुढची घडी त्याचे बरोबर दोन भाग करते: ५५. मग खालच्या कडेशी उरलेल्या १२५ चे निम्मे, साडेबासष्ट. पुढे ५८.७५. त्यापुढे ६०.६२५. एक घडी वर, एक खाली, आणि दर घडीला चूक निम्मी. पट्टीच्या दोन्ही कडा समांतर आहेत, सगळी किमया तेवढ्यावर. समांतर रेषांचे आंतरकोन आपण सगळ्यांनीच पाठ केलेत. ते असं काम करताना किती जणांनी पाहिलेत?

सुरुवातीचे वाकडे त्रिकोण कापून टाकायचे, पुढचे दहा ठेवायचे. दर तीन त्रिकोणांनी पट्टी एकाच दिशेला दुमडत गेलं की षट्कोन जुळतो. दहावा त्रिकोण पहिल्याला चिकटवायचा. षट्कोनाची एक बाजू, म्हणजे एक चेहरा, तांबडा रंगवा, दुसरा पिवळा. लगतचे दोन त्रिकोण चिमटीत धरा, समोरची कड आत दाबा, मधला बिंदू उघडा: षट्कोन उमलतो.

"बाई, ह्यो कोरा कुठनं आला की?"

हा तिसरा चेहरा. घडीत दडलेला.

१९३९ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात आर्थर स्टोन या इंग्रज विद्यार्थ्याला हा उमलणारा षट्कोन सापडला. अमेरिकन कागद त्याच्या इंग्लंडहून आणलेल्या फाइलपेक्षा रुंद होते; कापलेल्या कडांशी तो चाळा करत बसला. पुढे त्याच्याबरोबर नंतर मोठे भौतिकशास्त्रज्ञ झालेले रिचर्ड फाइनमनही यात रमले. आणि आपल्याकडे त्याच्याही आधी, १८९३ साली, टी. सुंदरराव यांनी मद्रासमध्ये कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं अख्खं पुस्तक छापलं होतं. कल्पना सुचली ती बालवाडीतल्या रंगीत कागदांवरून! आपल्या शाळांमधून हे नाव का ऐकू येत नाही, याची खंत वाटते.

(दृश्य: बाकावर चार मुलं, मध्ये एक षट्कोन.)

कोडं मुलांनीच रचलंय. वरच्या चेहऱ्यावर, मध्यबिंदूभोवती सहा तुकड्यांत मिळून एक डोळा काढायचा. मग एकदा उमलवायचं आणि पालथं करून बघायचं. डोळा फुटून सहा तुकडे कडेला गेलेले असतात, कारण उमलताना मधली टोकं बाहेर जातात आणि बाहेरची मध्ये येतात. आता डोळा परत मध्ये आणून दाखवायचा. ज्याला कमी वेळा उमलवून जमेल, तो जिंकला.

मागच्या बाकावर एकीने दोन पट्ट्या जोडायला घेतल्यात. तिला एकोणीस त्रिकोण हवेत. त्यातून सहा चेहऱ्यांचा षट्कोन होतो.