बर्फ हीच वाट : वसंतातला तातेयामा

[दृश्य : तोयामाचा समुद्रकिनारा. मागे आडवी पसरलेली पांढरी पर्वतरांग.]

एप्रिलच्या मध्यावर जपानमधल्या तोयामाच्या सखल भागात चेरीचा बहर ओसरलेला असतो आणि भातखाचरांत पाणी घेण्याची तयारी सुरू झालेली असते. त्याच वेळी किनाऱ्यापासून सरळ रेषेत 50 किलोमीटरच्या आत उभ्या असलेल्या तातेयामाच्या रांगेवर अनेक मीटर जाडीचा बर्फ असतो. हिवाळाभर सैबेरियाकडून येणारे कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रावरून वाहताना त्याच्या उबदार पाण्याची वाफ उचलतात आणि या उभ्या चढाशी आले की ती सगळी वाफ बर्फ होऊन खाली उतरते. कोकणातून चढलेले पावसाळी ढग सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रिते होतात, तसाच हा प्रकार आहे; फरक इतकाच की इथे पडलेले पाणी वाहून न जाता महिनोन्‌महिने डोंगरावरच थांबते.

तातेयामा म्हणजे एकच एक शिखर नव्हे. 3003 मीटर उंचीचे ओयामा, 3015 मीटरचे ओनांजियामा आणि 2999 मीटरचे फुजिनोओरिताते ही तीन शिखरे मिळून तातेयामा होतो आणि फुजी व हाकुसान यांच्यासह जपानच्या तीन पवित्र पर्वतांत त्याची गणना होते. उन्हाळ्यात इथल्या उतारांवर दाट खुरटा बांबू, जमिनीसरसा पसरणारा पाइन आणि मोठमोठे धोंडे पाय टाकू देत नाहीत. वसंताच्या काही आठवड्यांत हे सारे बर्फाखाली असते आणि स्कीवर उभा राहिलेला माणूस त्यावरून हव्या त्या दिशेने जाऊ शकतो. या काळापुरता बर्फ हीच इथली वाट असते.

[दृश्य : पहाट. पांढऱ्या पठारावर एकटा बुलडोझर. पुढे रस्त्याचा मागमूस नाही.]

त्या वाटेपर्यंत पोहोचण्यासाठी आधी दुसरी एक वाट उकरून काढावी लागते. बिजोदाइरापासून मुरोदोच्या पठारापर्यंत 23 किलोमीटरचा डोंगरी रस्ता डिसेंबरपासून बंद असतो आणि हिवाळा सरेपर्यंत तो पूर्णपणे गाडला गेलेला असतो. या दृश्यात बुलडोझर ज्या बर्फावर उभा आहे, त्याच्या कित्येक मीटर खाली डांबर आहे. पूर्वी रस्त्याच्या कडेने रोवलेल्या खुणेच्या खांबांवर आणि जुन्या चालकांच्या स्मरणावर भिस्त ठेवून रस्ता शोधावा लागे. आता उपग्रहांच्या मदतीने चालकाला पडद्यावर रस्त्याची मध्यरेषा दिसते. तरीही समोर आकाश आणि जमीन यांत फरक करता येत नाही, अशा धुक्यात, दरीच्या बाजूने अवजड यंत्र पुढे नेणे हे त्या पडद्याच्या भरवशावर होणारे काम नाही.

बुलडोझर वरचा बर्फ थराथराने खरवडत खाली उतरतात आणि त्यांच्या मागून येणारी रोटरी यंत्रे उरलेला बर्फ आत ओढून, उंच कमान करून, बाजूला फेकतात. ओतानी नावाच्या खोलगट भागात वाऱ्याने लोटलेला बर्फ सर्वांत जास्त साचतो आणि तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या भिंती उभ्या राहतात, त्यांची उंची काही वर्षी 20 मीटरच्या आसपास जाते. हे काम आठवड्यांमागून आठवडे चालते. एप्रिलच्या मध्यावर पहिली बस या भिंतींमधून जाते, तेव्हा बसमधल्या प्रवाशांना ही माणसे दिसत नाहीत. म्हणून या लघुपटात त्यांना थोडा जास्त वेळ दिला आहे.

[दृश्य : भिंतीचा जवळून पाहिलेला काप. हातमोज्यातले बोट एका तपकिरी रेषेवरून फिरते.]

या भिंतीकडे जवळून पाहिले की तिच्यात आडव्या रेषा दिसू लागतात. निळसर, काचेसारख्या चकाकणाऱ्या पातळ पट्ट्या म्हणजे मधल्या उबदार दिवसांत वितळून पुन्हा गोठलेला पृष्ठभाग होय. मातकट, पिवळसर रेषा चीन आणि मंगोलियाच्या वाळवंटी प्रदेशांतून वाऱ्यावर आलेल्या धुळीच्या आहेत. संशोधक मुरोदोच्या पठारावर खड्डे खणून हेच थर मोजतात, त्यांचे तापमान आणि घनता नोंदवतात. स्कीवर निघणाऱ्या माणसालाही हीच भिंत वाचता आली पाहिजे, कारण ज्या दोन थरांची एकमेकांवर घट्ट पकड नसते, तिथूनच वरचा थर सुटून खाली येण्याचा संभव असतो.

तातेयामा ते कुरोबे हा संपूर्ण पर्वतपार मार्ग 1971 मध्ये खुला झाला. आज या भिंतीखाली जगभरचे प्रवासी चालतात आणि चेरीच्या मोसमात महाराष्ट्रातून निघणाऱ्या जपानच्या सहलींतही ती असते. छायाचित्रे काढून बहुतेक जण त्याच रस्त्याने पुढच्या वाहनाकडे जातात. आपण ज्या तुकडीसोबत निघालो आहोत, तिचा प्रवास मात्र रस्ता जिथे सोडावा लागतो, तिथून सुरू होतो.

[दृश्य : मुरोदो. बर्फावर मांडलेले सामान.]

मुरोदोची उंची 2450 मीटर आहे. बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकाने आपला मार्ग लिहून द्यावा आणि बीकन (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून संकेत देणारे छोटे यंत्र), शोधकाठी व फावडे ही तीन साधने सोबत ठेवावीत, असे तोयामा प्रांताचे प्रशासन सांगते. 23 नोव्हेंबर 2013 रोजी इथल्याच मासागो शिखराच्या उतारावर नव्या मोसमाचा पहिला बर्फ घसरून सात जणांचा मृत्यू झाला होता. तुकडीचा प्रमुख दाराशी उभा राहून प्रत्येकाचा बीकन दुसऱ्याच्या बीकनला प्रतिसाद देतो की नाही, हे तपासतो आणि मगच चालायला सुरुवात होते.

स्की म्हटले की आपल्याकडे दोरवाटेने वर जाऊन खाली घसरत येण्याचा खेळ डोळ्यांसमोर येतो. इथे स्की चढण्यासाठी आहे. स्कीच्या तळाला चिकटवलेल्या या केसाळ पट्टीकडे नीट पाहावे. तिचे केस एकाच दिशेला झुकलेले असतात. स्की पुढे सरकवली की ते आडवे होऊन घसरतात आणि मागे ओढली जाऊ लागली की उभे राहून बर्फात रुततात. बुटाची टाच मोकळी असते, त्यामुळे पाऊल उचलावे लागत नाही, ते नुसते पुढे लोटावे लागते. चढ वाढला की टाचेखाली छोटी टेकू उभी करतात. बर्फ कडक असेल तर स्कीच्या मधोमध दातेरी पाते बसवतात. आणि वळणावर एक पाय उचलून, स्की पूर्ण उलट दिशेला फिरवून, पुन्हा टेकवतात. या हालचालीत घाई केलेली चालत नाही. हे सारे ज्याला शांतपणे जमते, त्याला दिवसभर चढता येते.

जपानमध्ये स्कीचे रीतसर शिक्षण 12 जानेवारी 1911 रोजी ताकादा इथे ऑस्ट्रियाचे सैन्याधिकारी थिओडोर फोन लेर्ख यांनी सुरू केले. ते एकच लांब काठी वापरीत. त्यानंतर बारा वर्षांनी, 1923 च्या जानेवारीत, गिर्यारोहक माकी युको आणि त्यांचे दोन सोबती स्की घेऊन याच तातेयामावर आले, मात्सुओ खिंडीजवळ वादळात सापडले आणि त्यांपैकी इताकुरा कात्सुनोबु यांचा तिथे अंत झाला. माकींनी पुढे 1956 मध्ये नेपाळ हिमालयातल्या मनास्लू शिखरावरच्या यशस्वी जपानी मोहिमेचे नेतृत्व केले. जानेवारी आणि मे यांतले अंतर इथे काय असते, हे त्या पिढीने स्वतः सोसून शिकून घेतले.

[दृश्य : राइचोझावाचा उतार. सहा ठिपके नागमोडी रेषेत चढत आहेत.]

पहिल्या दिवशी तुकडी राइचोझावाच्या तळावरून बेस्सानच्या खिंडीकडे चढते. पहाटे बर्फ लोखंडासारखा कडक असतो, कारण निरभ्र रात्री पृष्ठभागाची उष्णता आकाशात निघून जाते आणि दिवसा वितळलेले पाणी दाण्यादाण्यांत गोठते. असे वितळणे आणि गोठणे रोज होत राहिले की बर्फाचे सुटे, टपोरे दाणे तयार होतात. इथले लोक त्याला झारामे म्हणतात. सकाळी ऊन चढले की वरचे काही सेंटिमीटर मोकळे होतात आणि खालचा थर टणक राहतो. स्कीला त्या वेळी जी पकड आणि जी घसरण एकत्र मिळते, तिच्यासाठी माणसे वर्षभर वाट पाहतात. पूर्वेचा उतार आधी तयार होतो, मग दक्षिणेचा, दुपारकडे पश्चिमेचा. वेळ चुकली तर त्याच उतारावर पाय गुडघ्यापर्यंत रुततात आणि वरून ओला बर्फ सुटू लागतो. त्यामुळे दिवसाचा कार्यक्रम घड्याळ पाहून आखता येत नाही, उतारावरचे ऊन पाहून आखावा लागतो. माझ्या मते वसंतातल्या पर्वतयात्रेचे सारे कसब या एका निर्णयात आहे, आणि ते कोणत्याही दोरवाटेवर बसून शिकता येत नाही.

खिंडीत पोहोचल्यावर समोर त्सुरुगी उभे राहते. तोयामाच्या जुन्या धार्मिक चित्रांत या शिखराला नरकातला सुयांचा डोंगर म्हणून रंगवलेले आहे. 1907 च्या जुलैमध्ये शिबासाकी योशितारो यांच्या सर्वेक्षण पथकातली माणसे स्थानिक वाटाड्या उजी चोजिरो याच्या साथीने एका बर्फाच्या घळीतून या शिखराकडे गेली. आपण या माथ्यावर पहिलेच, अशी समजूत असलेल्या त्या माणसांना वर तलवारीचे पाते आणि साधूच्या दंडाचे धातूचे टोक मिळाले. ते टोक हजार वर्षांहून जुने ठरले. त्या घळीला आज चोजिरोचे नाव आहे. उघड्या खडकांनी रोखून धरलेला डोंगर बर्फाने भरलेल्या घळीतून वाट देतो, हे ज्ञान त्या वाटाड्याचे होते, आणि आजही मे महिन्यात स्कीवाले त्याच ज्ञानावर चालतात.

[दृश्य : दुर्बिणीच्या भिंगातून घेतलेला राइचो पक्ष्याचा नर. डोळ्यांवर लाल तुरा, पांढऱ्या पिसांत उगवू लागलेली तपकिरी पिसे.]

हा राइचो, उंच डोंगरांवर राहणारा कोंबडीच्या जातकुळीतला पक्षी. 1955 पासून याला जपानमध्ये विशेष नैसर्गिक ठेव्याचे संरक्षण आहे. मे महिन्यात नर आपापल्या हद्दीतल्या उंच धोंड्यावर किंवा बर्फातून डोके वर काढलेल्या पाइनवर बसून पहारा देतात. या पक्ष्याला देवाचा दूत मानून त्याची शिकार न करण्याची जुनी रीत असल्यामुळे तो माणसाला फारसा भीत नाही, आणि म्हणूनच अंतर राखण्याची जबाबदारी पूर्णपणे माणसावर येते. बर्फातून उघडी पडलेली पाइनची जाळी दिसली की तुकडी लांबून वळसा घेते. तिथे पुढच्या काही आठवड्यांत मादी घरटे करणार असते. पातळ बर्फावरून स्की नेली तर खालच्या फांद्या मोडतात आणि या उंचीवर त्या पुन्हा वाढायला फार वर्षे घेतात.

[दृश्य : दुसरा दिवस. इचिनोकोशीची खिंड. पूर्वेकडे पांढरी, रुंद दरी.]

इचिनोकोशीची खिंड 2700 मीटरवर आहे. इथे स्कीच्या तळाच्या केसाळ पट्ट्या सोलून काढायच्या, चिकट बाजू चिकट बाजूवर दुमडायच्या आणि अंगरख्याच्या आत ठेवायच्या, म्हणजे त्यांचा चिकटपणा थंडीने जात नाही. टाच कुलूपबंद होते. प्रमुख एकटाच पुढे जाऊन बर्फात काठी रोवतो, थोडा उतरतो, एक वळण घेऊन थांबतो आणि हात वर करतो. त्यानंतर एका वेळी एकच जण निघतो. बाकीचे त्याच्यावर नजर ठेवून उभे राहतात.

ओयामादानी ही दरी इथून थेट कुरोबेच्या जलाशयाकडे उतरते. वरचा भाग रुंद आणि एकसारखा आहे आणि पुढची काही मिनिटे निवेदनाची गरज नाही.

[दृश्य : उतरण. फक्त स्कीचा आवाज.]

खाली आल्यावर बर्फावर धुळीचा पिवळा थर दाट होतो आणि स्की मध्येच अडखळू लागते. शेजारच्याच दरीत गोझेनझावा आहे. तिथल्या कायमच्या बर्फाखालचा जुना, जाड बर्फ सावकाश सरकतो, हे मोजून सिद्ध झाल्यावर 2012 मध्ये त्याला, त्सुरुगीवरच्या आणखी दोन हिमपट्ट्यांसह, हिमनदी म्हणून मान्यता मिळाली. जपानमधल्या या पहिल्या मान्यताप्राप्त हिमनद्या. उष्ण होत जाणाऱ्या हिवाळ्यांत त्या किती टिकतील, हा प्रश्न इथे प्रत्येकाच्या मनात आहे.

जलाशयाच्या काठाने चालत तुकडी धरणावर येते. 186 मीटर उंचीचे कुरोबे धरण 1963 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या बांधकामात 171 कामगारांचा मृत्यू झाला. बोगद्यातून विजेवरची बस ओगिझावाला पोहोचवते आणि तोयामाच्या बाजूने सुरू झालेला प्रवास नागानो प्रांतात उतरतो.

[दृश्य : ओमाचीची शेते. पाठीमागे जिइगाताके.]

ओमाचीच्या शेतांवरून वर पाहिले की जिइगाताके शिखरावर, वितळत्या बर्फातून उघड्या पडलेल्या खडकांत, बियाणे पेरणाऱ्या म्हाताऱ्याची आकृती दिसते आणि शिखराचे नावही त्या म्हाताऱ्यावरून पडले आहे. उत्तरेला शिरोउमाच्या उतारावर याच दिवसांत घोडा दिसू लागतो. पंचांग आणि हवामानखाते हाताशी नव्हते तेव्हा इथले शेतकरी या आकृत्यांवरून पेरणीची आणि भातखाचरांच्या चिखलणीची वेळ ठरवीत. आकृती स्पष्ट झाली म्हणजे वरचा बर्फ किती उरला आणि खाली पाणी कधी येईल, याचा अंदाज त्यांना बांधता येत असे. आमच्या तुकडीचा प्रमुख याच गावचा आहे. पुढच्या आठवड्यात खिंडीतून पुन्हा उतरता येईल का, हे सांगण्यापूर्वी तोही अंगणात येऊन आधी त्या म्हाताऱ्याकडे पाहतो.