लाकडं कोण आणून ठेवतं?

मंडळी, इंदूरच्या एवढ्या थंडीत आलात, बरं वाटलं. आज ज्याच्याबद्दल बोलणारे त्याला नावच नाहीये. आपण त्या राक्षसाला फ्रँकेन्स्टाइन म्हणतो, पण ते त्याला बनवणाऱ्या व्हिक्टरचं आडनाव. मेरी शेलीची ही कादंबरी १८१८ सालची, लिहायला घेतली तेव्हा ती अवघी १८ वर्षांची होती, आणि अख्ख्या पुस्तकात तिने ह्याला नाव दिलं नाही.

चपटं डोकं, मानेत खिळे, नुसती गुरगुर, हे सगळं १९३१ च्या सिनेमातलं. पुस्तकात तो ८ फुटी आहे, पिवळी कातडी, काळे ओठ, भयंकरच दिसतो, पण बोलायला लागला की ऐकत राहावं असं बोलतो. त्याने डोळे उघडले आणि व्हिक्टर घाबरून पळाला, म्हणजे बघा, जन्मल्याजन्मल्या पोरका.

मग तो एका गरीब घराला लागून असलेल्या खोपटात लपतो, फटीतून त्या लोकांना बघतो. आंधळे वडील, मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. आधी रात्री त्यांचं खाणं चोरायचा, पण मुलं स्वतः उपाशी राहून वडिलांना वाढतायत हे दिसलं आणि चोरी बंद, जंगलातली कंदमुळं खाऊन राहिला. वर रात्री फेलिक्सचीच हत्यारं घेऊन लाकडं तोडून आणायचा. पहिल्या सकाळी अगाथा दार उघडते तर बाहेर लाकडांचा ढीग, तिला काही कळेना. त्या दिवशी फेलिक्स जंगलात गेलाच नाही, घराची डागडुजी केली, बागेत काम केलं. लाकडं ठेवणाऱ्याला ते ‘कोणीतरी पुण्यात्मा’ म्हणायचे, आणि हा पलीकडून ऐकत होता पण तेव्हा त्याला ते शब्दच कळत नव्हते. मी इथे दर वेळी थांबते.

आमच्या रामबागेतल्या घरी दूध घालायला एक काका यायचे, चेहरा पूर्ण भाजलेला, आम्ही पोरं आत पळायचो. आजीला मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं, ती त्यांना ओट्यावर बसवून चहा पाजायची आणि म्हणायची, किती मायेनं बोलतो गं तो. मला आजीची कीव यायची, दिसत नाही बिचारीला. आज त्याची फार लाज वाटते.

आता कोणी म्हणेल, अहो ताई, पण त्याने खून केलेत. केलेत ना. व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा गळा दाबला, त्याचा आळ येऊन त्यांच्या घरातल्या निरपराध मोलकरणीचा, जस्टीनचा जीव गेला, ते मी झाकणार नाही. पण बुडत्या मुलीला पाण्यातून काढलं तेव्हा बक्षीस म्हणून गोळी लागली, ती ह्या खुनांच्या आधी, आणि त्याच्याही आधी ते दार आहे.

मुलं बाहेर गेलेली बघून तो दार वाजवतो. आंधळे वडील त्याला शेकोटीजवळ बसवतात, सांगतात की मला तुझा चेहरा दिसत नाही पण तुझ्या बोलण्यात खरेपणा वाटतो. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याशी नीट बोलत होतं! तो रडतो, मुलांची चाहूल लागते तसा त्यांचा हात घट्ट धरतो, मला वाचवा म्हणतो. ते विचारतात, अरे देवा, तू आहेस तरी कोण?

तेवढ्यात दार उघडलं. अगाथा बेशुद्ध पडली आणि फेलिक्सने काठीने त्याला झोडपला. फेलिक्सला तो तिथल्या तिथे फाडू शकला असता, पण त्याने हात उचलला नाही, गुपचूप आपल्या खोपटात परत गेला.

आणि वडिलांना उत्तर मिळालंच नाही.