जुन्या डब्यात नवा पीसी: आधी स्टँडऑफ मोजा, मग ग्राइंडर उचला

जेवलासा काय मंडळी? नसला तर जेवून या, व्हिडिओ कुठं पळून जात नाही.

हां, तर हा डबा. मागच्या महिन्यात मी की-बोर्ड साफ कसा करायचा त्याचा व्हिडिओ टाकला, दोन दिवस घालवून केलेला, आणि कमेंटमध्ये की-बोर्डचं एकानंही विचारलं नाही. सगळ्यांचं एकच, दादा तुमच्या मागं टेबलाखाली तो पिवळा खटारा काय हाय, अजून चालतोय काय. चालतोय की. लय जोरात चालतोय. बाहेरनं 2003 सालचं कॅबिनेट आणि आत सगळं ह्या वर्षीचं. ह्याला आता लोक स्लीपर बिल्ड म्हणतात, म्हणजे दिसायला म्हातारं आणि आत पैलवान, आणि सध्या जिकडं बघावं तिकडं तेच चाललंय म्हणून म्हटलं एकदाचं सांगून टाकू.

त्याआधी एक. कमेंटमध्ये निम्मी जनता ह्या डब्याला सीपीयू म्हणत्या. सीपीयू म्हणजे आतली ती चौकोनी चिप, बिस्किटापेक्षा लहान. हा डबा म्हणजे कॅबिनेट. आमची आई पण म्हणते, सीपीयूवर पाय ठेवू नको. आईला मी काय बोलत नाही, तुम्हाला बोलतो.

हे कॅबिनेट काकाचं. शाहूपुरीत त्याचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं दुकान होतं, लग्नपत्रिका, दहावा-बाराव्याची कार्डं, निवडणुकीत हँडबिलं, सगळं ह्या मशीनवर झालंय. मग 2019 चा ऑगस्ट. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या वेळी पाणी 55 च्या वर गेलेलं, तुम्ही कोल्हापूरचे असाल तर मी काय सांगायला नको. दुकानात पाणी शिरलं, काकानं नवं मशीन डोक्यावर घेऊन बाहेर काढलं आणि हे जुनं राहिलं तिथंच, पाण्यात. आतलं सगळं गेलं. पण पत्रा बघा. (कॅमेरा जवळ घ्या) हे खालच्या पत्र्याची घडी आहे बघा, हितं, हे तपकिरी दिसतंय ते गंज नव्हे, तो गाळ आहे. सगळा डबा तीनदा धुतला, वायर ब्रश मारला, रेड ऑक्साईड लावला, पण त्या घडीतला गाळ काय निघेना, आता तसाच ठेवलाय.

आता बेसिक पटापट सांगतो कारण हे तुम्हाला माहीत असतंय. जुन्या डब्यात नवा बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी, बसतो तो का, तर एटीएक्स ही मांडणी इंटेलनं 1995 ला आणली आणि बोर्डाच्या भोकांच्या जागा आजपण त्याच आहेत. फुल एटीएक्स बोर्ड 305 बाय 244 एमएम, मायक्रो एटीएक्स 244 बाय 244. मागची पोर्टची खिडकी पण तीच. फक्त दोन डबे घेऊ नका. एक, एटीएक्सच्या आधीचा एटी डबा, त्याचं पुढचं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं आणि त्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्ट आलेलं असतंय, ते बटण चुकून नव्या बोर्डाला जोडलं तर विषयच संपला. दुसरा, 2004 च्या पुढं काही ब्रँडेड मशीन बीटीएक्स मांडणीची आली, त्यात मदरबोर्ड उलट्या बाजूला बसतो, झाकण उजवीकडनं उघडतं. भंगारात स्वस्त मिळाला म्हणून उचलाल आणि घरी येऊन डोकं धरून बसाल. एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्याला वीज देणारा पॉवर सप्लाय, नवीनच घ्यायचा, जुन्याच्या स्टिकरवर 500 वॅट लिहिलेलं असलं तरी त्याला भुलू नका. झालं बेसिक.

आता खरा विषय. स्टँडऑफ.

स्टँडऑफ म्हणजे पत्रा आणि बोर्ड ह्यांच्यात अंतर ठेवणारे ते पितळेचे छोटे खुंट, षटकोनी, वरनं आटे पाडलेले. दहा रुपयाची वस्तू. आणि जुन्या डब्यात नवा पीसी करणाऱ्या दहातले सात जण, हा आकडा माझ्या मनाचा आहे, कुठं छापू नका, ह्याच्यावरच आपटतात. मी पण आपटलो.

झालं काय, काकाच्या मशीनमध्ये बोर्ड होता मायक्रो एटीएक्स. मी घेतला फुल एटीएक्स. मी खुशीत, डबा मोठा, बोर्ड मोठा, आरामात बसला, नऊ भोकं, नऊ स्क्रू. बटण दाबलं. फॅन अर्धा फेरा फिरला आणि बंद. परत दाबलं. अर्धा फेरा, बंद. रॅम काढून घातली, ग्राफिक कार्ड काढलं, एसएमपीएस बदलून बघितला, रात्रीचे अडीच वाजले, मला वाटलं बोर्डच मेलेला आला. दुकानदाराला मेसेज पण टाकला, जरा रागातच. सकाळी बोर्ड उचलला तर खाली दोन स्टँडऑफ तसेच उभे. जुन्या मायक्रो एटीएक्सच्या खालच्या ओळीचे. त्या जागी फुल एटीएक्सला भोकच नसतं, तिथं बोर्डाच्या पाठीमागं सोल्डरचे टोक असतात आणि त्यातल्या एकाला पितळेचा खुंट जाऊन टेकलेला. एसएमपीएसला शॉर्ट दिसला की तो गपगुमान बंद होतो, म्हणून वाचलो. दुकानदाराला सॉरी म्हटलं. त्यानं एक अंगठा पाठवला, नुसता.

म्हणून पहिली गोष्ट, बोर्डाला जिथं भोक नाही तिथं खाली खुंट नको. एकपण नको. बोर्ड ठेवायच्या आधी एक पेपर घ्या, बोर्डावर ठेवून भोकं टोचून घ्या, मग तो पेपर ट्रेवर, म्हणजे बोर्ड बसतो त्या पत्र्यावर, ठेवा आणि बघा कुठला खुंट पेपरला मधेच टोचतोय. पाच मिनिटाचं काम. काही जुन्या ब्रँडेड डब्यांत खुंट नसतातच, पत्राच ठोकून वर उठवलेला असतो, तो पान्यानं निघत नाही. तो कापायचा किंवा ठोकून सपाट करायचा, वर टेप चिकटवून सोडून द्यायचं नाही. टेप उन्हाळ्यात सुटते.

दुसरी गोष्ट, उंची. एक खुंट माझ्याकडनं हरवला, मांजरानं खेळायला नेला असं माझं मत आहे. मग लक्ष्मीपुरीत जाऊन पितळी स्पेसर आणले, सगळे सारखे दिसावेत म्हणून नऊच्या नऊ बदलले. दिसायला एक नंबर. पण ते 10 एमएमचे निघाले आणि कॉम्प्युटरचा स्टँडऑफ असतो 6.35, म्हणजे पाव इंच. एवढ्याशा फरकानं काय होतंय? बोर्ड साडेतीन-पावणेचार एमएम वर आला, मागची पोर्टं खिडकीत वाकडी दिसायला लागली, यूएसबी निम्मा पत्र्यामागं, आणि ग्राफिक कार्डाची मागची पट्टी स्क्रूच्या भोकापर्यंत पोचेना, कार्ड तिरकं. माझ्या मित्रानं सांगितलं जोर लाव बसेल. जोर लावू नका. कार्ड बसंल, स्लॉट तुटंल.

तिसरी गोष्ट त्या एका भावाच्या कमेंटसाठी, तो प्रत्येक व्हिडिओखाली लिहितो की स्टँडऑफवर लाल कागदी वायसर टाकलेच पाहिजेत नाहीतर शॉर्ट होणार. भावा, तुझा जिव्हाळा कळतो. पण बोर्डाच्या भोकाभोवती जी चकाकती कडा असते ती ग्राउंडच, म्हणजे अर्थिंगच असते, स्टँडऑफमधनं डब्याला टेकावी म्हणूनच ती तशी ठेवलेली. शॉर्ट होतो तो नको त्या जागच्या खुंटानं, भोकाखालच्या खुंटानं नव्हे. वायसर टाकलास तर काही जळणार नाही, पण ज्या खुंटानं घात करायचाय तो वायसर नसलेल्या जागी उभा असतो. तेव्हा परत तेच, मोज, टोच, बघ.

बरं, कापाकापी. हार्डडिस्क, सीडी ड्राइव्ह बसतात तो पुढचा पिंजरा काढल्याशिवाय आजचं लांब ग्राफिक कार्ड बसत नाही. पिंजरा रिवेटनं लावलेला असतो, रिवेटच्या डोक्यावर ड्रिल धरायचं, ते डोकं उडालं की पिंजरा हातात. पण एक लक्षात घ्या, तो पिंजराच डब्याचा पुढचा भाग ताठ ठेवत असतो. काढल्यावर माझा डबा हातात धरला की कर्रर्र करून वाकायला लागला, पापडासारखा. मग खाली एक अँगल टाकून परत रिवेट मारले.

हे काम मी उद्यमनगरात करून घेतलं. तिथं एक मामा आहेत, शेडमध्ये, आयुष्य पत्र्यात गेलेला माणूस. मी डबा घेऊन गेलो तर म्हणाले, काय रं पोरा, रेडिओ दुरुस्तीला आणलास व्हय. मग बघितला, पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, पत्रा बरा हाय की. जुन्या डब्याचा पत्रा खरंच बरा असतो. पुढं 120 एमएमच्या फॅनसाठी गोल भोक पाडायचं होतं, त्याला साडेचार इंची होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत लागते. मामांनी पत्र्याच्या मागं प्लायवूडचा तुकडा क्लॅम्प केला, नाहीतर पातळ पत्र्यात होल सॉ अडकतो आणि डबाच गरागरा फिरतो. स्क्रूच्या भोकांचं अंतर मी 105 एमएम मोजून नेलेलं, मामांनी माझ्या हातातला कागद बाजूला ठेवला, फॅन मागितला, पत्र्यावर धरला आणि पेन्सिलनं चार टिकल्या मारल्या. झालं. मागं 80 एमएमची जाळी होती, ती वाढवून 92 चा फॅन बसवला.

आट्याचा एक घोळ झाला. पिंजऱ्याच्या अँगलला टॅप मारून, म्हणजे भोकात आटे पाडून घ्यायचे होते, मामांकडं सगळे टॅप एमएमचे. कॉम्प्युटरात दोन जातीचे स्क्रू असतात, एसएसडी आणि सीडी ड्राइव्हला एम 3, आणि एसएमपीएस, झाकण वगैरेला जाडसर, इंचातल्या आट्याचे. हे एकमेकांत घुसवले तर आटे जातात. मामांनी सरळ एम 4 मारून दिला. कुणाला दिसतंय.

आणि आता जे मी ओरडून सांगायलोय ते, कापताना आत बोर्ड ठेवू नका!! मला एकानं फोटो पाठवला, बोर्डावर पिशवी टाकलेली आणि वर ग्राइंडर चालू. अरे देवा. लोखंडाचा कीस पिठासारखा उडतो, तो पिशवीला विचारून आत जात नाही. स्लॉटमध्ये एक कण गेला तरी नंतर कधी शॉर्ट होईल सांगता येत नाही. डबा पूर्ण रिकामा, कापून झालं की ब्लोअर, मग ओलं फडकं, मग चुंबक फिरवायचं सगळ्या घडीतनं. मी चुंबक फिरवलं तर धुतलेल्या डब्यातनं अजून चमचाभर निघाला. आणि डोळ्याला चष्मा, मोबाइलवर शूटिंग करत ग्राइंडर चालवायचा नाही, पाहुणं.

पावडर कोटिंग, म्हणजे पावडरचा रंग भट्टीत भाजून, करणार असाल तर आधी सगळं प्लास्टिक काढा, भट्टीत 180-200 डिग्री असतंय, पुढचं तोंड वितळून जाईल. आणि स्टँडऑफचे आटे झाकून घ्या, नाहीतर रंग आत जाऊन बसतो आणि स्क्रू जात नाही. बघा, परत स्टँडऑफवरच आलो. मी कोटिंग केलंच नाही. पिवळेपणा घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात, ते पण केलं नाही. काकानं बजावलंय, रंग बदललास तर परत आण.

पुढच्या वायरी. पॉवर बटणाच्या दोन पिना कशाही लावा, चालतात. लाइटच्या वायरीला मात्र प्लस-मायनस असतं, आणि जुन्या डब्यात पॉवर लाइटचा प्लग तीन पिनांच्या रुंदीचा, मधली रिकामी, नव्या बोर्डावर जागा दोनचीच. सुईनं पिन उचकटून वायर बाहेर काढायची आणि सुटी लावायची. फ्लॉपीच्या जागेत मी यूएसबी 3 चं पॅनल टाकलंय, बरोबर त्या मापाचं मिळतं.

सीपीयूवर बसणारा कूलर घेताना झाकण लावून बघायचं, माझा 155 एमएम उंचीचा टॉवर होता, झाकण एक बोट उघडं राहिलं. बुटका कूलर आणला. तो 155 चा आता माझ्याकडं पडून आहे, कुणाला पाहिजे असला तर कोल्हापुरातल्या कोल्हापुरात सांगा, कुरिअर करणार नाही.

आता चालू करतो. (बटण दाबतो) हा टकक् आवाज ऐकला? बटण तेच, 2003 चं. परवा काका आलता, त्यानं झाकणावर हात ठेवला, जरा वेळ तसाच उभा राहिला, आणि मला विचारलं, ह्यात श्रीलिपी टाकलीस काय रे, ते मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. अजून नाही टाकली.