अक्कांची मऊ भाकरी

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? नसतील झाली तर आज जरा त्रासच होणार तुम्हाला, कारण मी कडक भाकरीवर बोलणार आहे. म्हणजे तशी मऊ भाकरीवर. सांगतो.

आता सोलापूरकरांना कडक भाकरी काय असते ते मी काय सांगू. आपली मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, तिची पातळ भाकरी, मोडली की शेजारच्या टेबलापर्यंत आवाज गेला पाहिजे. सोबत शेंगाचटणी, आणि चटणी म्हणजे कुटलेली हां, बोटाला तेल लागलं पाहिजे. मिक्सरमधली ती कोरडी भुकटी मी चटणीत धरतच नाही, घरी यावरून भांडणं झालीयेत, असो.

तर आमच्या ऑफिसजवळ एक खानावळ आहे, सहा टेबलांची. गल्ल्यावर अण्णा, आत अक्का, भाकरी त्यांच्या हातची. या अक्कांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. आधी नुसता घास अडकायचा, पित्त असंल म्हणून ओवा खाल्ला, महिने गेले. मंडळी, घास अडकायला लागला तर पित्त म्हणून बसू नका, डॉक्टरला दाखवा. परत सांगतो, घास अडकतोय तर दाखवा.

मग बार्शीच्या खेपा. तिथं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, त्या स्वतः 1981 ला कॅन्सरनंच गेल्या. रेडिएशन म्हणजे साधारण आठवड्याचे पाच दिवस, असे कित्येक आठवडे. पेशंटचं बघतात सगळे, पण सोबत गेलेल्या माणसाचा रोज बुडतो, तो वडापाववर दिवस काढतो, त्याचं कोण बघणार?

अक्कांना डॉक्टर म्हणाले पातळच द्या. अक्का म्हणाल्या, भाकरीच पाहिजे. मग अण्णा पितळीत कडक भाकरी चुरायचे, वर तुरीची पातळ आमटी, बिनमिरचीची, आणि झाकून ठेवायचे. थोड्या वेळानं चमचा फिरवायचे. अक्का पडल्या पडल्या ऐकायच्या आणि म्हणायच्या, "अजून वाजलालंय ओ, झाका." चमच्याखाली काही वाजेनासं झालं की मगच पहिला घास.

अक्का गेल्या. नंतर महिनाभरानं खानावळ उघडली तेव्हा फळ्यावर खडूनं एक नवीन ओळ होती, 'अक्कांची भाकरी, 60 रुपये'. त्या 60 मधले 20 गल्ल्याशेजारच्या डब्यात, बार्शीला पेशंटसोबत जाणाऱ्यांच्या जेवणाला. लक्षात ठेवा, 60 मधले 20, आणि ते सोबतच्या माणसासाठी.

पहिले काही दिवस कुणी हात लावला नाही. कोण कशाला लावंल, कडक भाकरी भिजवून खायची आणि वर पैसे द्यायचे! एक रोजचं गिऱ्हाईक होतं, त्यानं चेष्टेत मागवली आणि पहिल्याच घासाला ओरडला, "काय करलालाव ओ अण्णा, सोलापुरात बिनमिरचीची आमटी?" आणि चटणीची वाटी ओतायला उचलली. अण्णांनी पितळीच ओढून घेतली. "त्यात चटणी नाही घालायची," एवढंच म्हणाले, नेहमीचं ताट आणून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. तो गडी गप जेवून गेला. मी समोरच होतो, माझाच घास घशात राहिला.

दोन दिवसांनी तो परत आला, आईला घेऊन. म्हातारी ऐंशीच्या पुढची, तोंडात दात नाही. म्हणाला, अण्णा, एक अक्कांची भाकरी द्या, हिनं कडक भाकरी खाऊन वर्षं झाली. अण्णांनी पितळी आणून ठेवली, झाकण काढलं. म्हातारीनं चमचा घेतला, एकदा गोल फिरवला, कान दिला आणि म्हणाली,

"अजून वाजलालंय ओ, झाका."

अण्णा झाकण हातात धरून तसेच उभे राहिले. शेवटी मीच उठून त्यांच्या हातातलं घेतलं आणि पितळीवर ठेवलं.