अर्धा गुण आणि अर्धा खोपा

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'थोर जीवशास्त्रज्ञ आणि त्यांची अभ्यासक्षेत्रं'. विषय मीच कळवला होता, आणि तो कुठून सुचला ते आधी सांगतो, कारण बरीच वर्षं ती गोष्ट माझ्या मनात सलते आहे.

मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवलं. मधे काही वर्षं एका सामान्यज्ञान परीक्षेचे पेपर माझ्याकडे फेरतपासणीला यायचे. त्यात दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असायचा. डावीकडे शास्त्रज्ञाचं नाव, उजवीकडे त्याचं क्षेत्र लिहा, प्रत्येकी अर्धा गुण. बिरबल साहनी, पुरावनस्पतिशास्त्र. पंचानन माहेश्वरी, वनस्पती भ्रूणशास्त्र. मुलं गाइडमधून पाठ करायची, भराभर लिहायची आणि परीक्षा झाली की विसरायची. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीनं सलीम अलींच्या नावासमोर लिहिलं होतं, 'सुगरण'. एवढंच. तपासणाऱ्यानं त्यावर लाल फुली मारली होती.

मी ती फुली खोडून अर्धा गुण दिला. वरच्यांनी तो काढून टाकला. नमुना उत्तरपत्रिकेत 'पक्षीशास्त्र' असं आहे, म्हणाले. मी म्हटलं, अहो, त्या मुलीला पक्षीशास्त्र तर कळलंयच, शिवाय त्या शास्त्राच्या आत काय असतं तेही कळलंय. पण गुण गेला तो गेलाच. ती शिष्यवृत्तीला लागली की नाही, मला माहीत नाही. मला मात्र आजही वाटतं की त्या पाचशे पेपरांत बरोबर उत्तर तिचं एकटीचं होतं. ते का बरोबर होतं, एवढंच आज सांगायला उभा आहे.

आता हात वर करायचे. सुगरणीचा खोपा कोण विणतं, नर की मादी? मादी म्हणणाऱ्यांनी हात वर करा. अर्ध्याहून जास्त आहेत. पुढच्या रांगेत सगळ्या वहिनींचे हात वर आहेत, आणि दादा मंडळींनी त्यांच्याकडे बघून केलेत! चूक तुमची नाही. आपल्या भाषेनंच त्या पक्ष्याला बाईचं नाव दिलं. स्वयंपाकात हात चांगला असलेली बाई सुगरण, म्हणून इतकं सुबक घर बांधते तीही सुगरण. पण विणतो तो नर. पावसाळ्यात डोक्यावर आणि छातीवर पिवळाधमक होतो ना, तोच.

हा टेबलावरचा खोपा बघा. आमच्या शेजाऱ्यांच्या विहिरीवर बाभळीची फांदी ओणवलेली आहे. दिवाळीनंतर तिच्या खाली हा पडलेला मिळाला. नीट बघितलंत तर कळेल, हा अर्धाच आहे. वरून दोरीसारखा लोंबणारा देठ, खाली उलट्या टोपलीसारखा घुमट, आणि घुमटाच्या मधोमध ही आडवी पट्टी. नर या पट्टीवर बसून पंख फडफडवत ओरडतो. पट्टीच्या एका बाजूला अंड्यांची खोली व्हायची होती, दुसऱ्या बाजूला खाली जाणारी बोळकांडी. ती झालीच नाही. आता जवळून बघा, गवताच्या पात्याला कशी गाठ घातलीय. भाताच्या किंवा गवताच्या पात्याला बुडाशी चोचीनं चीर द्यायची, कडा चोचीत धरायची आणि सरळ उडायचं, की लांब पट्टी फाटून हातात येते. हातात म्हणजे चोचीत. आणि आत हे मातीचे गोळे लिंपलेत. लहानपणी आम्हाला सांगायचे की सुगरण त्यावर काजवे चिकटवते, रात्री उजेड पडावा म्हणून. गोष्ट फार गोड आहे, पण ती गोष्टच.

तर हा खोपा अर्धा का राहिला? याचं उत्तर अलिबागजवळच्या किहीमला मिळालं. सलीम अली मुंबईचे, जन्म १८९६चा. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कुठली म्हणून विचारत विचारत ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पोचले. हे तुम्हाला ठाऊक आहे, ते मी लांबवत नाही. मला १९३०चे सलीम अली सांगायचेत. बर्लिनला जर्मन पक्षीतज्ज्ञ श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकून ते परत आले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची गाइड-लेक्चररची जागा पैशाअभावी बंद झालेली. विद्यापीठाची पदवी जवळ नाही. वय तेहतीस-चौतीस. पत्नी तेहमीनाबाईंबरोबर ते किहीमला राहायला गेले. नोकरी नाही, पगार नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरात असं झालं असतं तर रोज संध्याकाळी काय बोलणं झालं असतं, तुम्हीच विचार करा.

तिथे घराजवळ सुगरणींची वसाहत होती. तो पावसाळा हा माणूस खोप्यांसमोर बसून राहिला. कुठला नर कुठल्या खोप्यावर काम करतो, मादी कधी येते, आत जाते की बाहेरूनच परत जाते, याची तासन्‌तास नोंद. नर घुमट आणि पट्टीपर्यंत विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरतात, बघतात. एखादीला पसंत पडलं तर ती ते घर घेते, आणि तेव्हा कुठे नर उरलेली खोली आणि बोळकांडी पुरी करतो. ती अंडी घालून बसली की हा पठ्ठ्या दुसऱ्या फांदीवर नवा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी. ज्याचा घुमट कुणीच पसंत केला नाही, त्याचा खोपा असा अर्धा लोंबत राहतो. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की मादी विणकामापेक्षा जागा जास्त बघते. उंच फांदी, काटे, खाली पाणी असलं तर उत्तमच. जागेला किंमत असते, हे आपल्या वहिनींना सांगायला नको.

हे सगळं १९३१मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं आणि जगातल्या पक्षीतज्ज्ञांनी त्यांचं नाव लक्षात ठेवलं. भारतीय पक्ष्यांचं त्यांचं पुस्तक १९४१चं, अमेरिकन पक्षीतज्ज्ञ रिप्लेंबरोबरचे दहा खंड तर १९६८ ते १९७४मधले. आधी किहीमची सुगरण होती. म्हणून म्हणतो, त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं.

आता दुसरं नाव, आपल्या कोकणातलं. शंकर पुरुषोत्तम आघारकर, मालवणचे, जन्म १८८४. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे ती त्यांच्याच नावानं. गाइडमध्ये त्यांच्यासमोर काय असतं? वनस्पतिशास्त्रज्ञ. खरंच आहे, कलकत्ता विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते तेव्हा ते सह्याद्रीत हिंडायचे, आणि १९११च्या सुमारास याच आपल्या सातारा भागातल्या नदीच्या पाण्यात त्यांना एक जेलीफिश सापडला. गोड्या पाण्यातला! त्या जातीचा भाईबंद तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होता. कलकत्त्याच्या संग्रहालयातल्या अॅनंडेल यांनी त्याचं वर्णन छापलं. पुढे आघारकर बर्लिनला गेले, पहिल्या महायुद्धात तिथेच अडकले, नजरकैद भोगली, आणि १९१९ला डॉक्टरेट घेतली. निवृत्तीनंतर १९४६मध्ये पुण्यात संस्था उभी केली. तर आता सांगा, कुठल्या रकान्यात बसवायचा हा माणूस? नदीत वाकून बघताना तो काही वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बघत नव्हता. पाण्यात पारदर्शक काहीतरी आकसतंय आणि पसरतंय, ते काय आहे, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं.

एक बाजूची गोष्ट सांगतो, राहवत नाही. जनुकांमधलं अंतर मोजायचं एक सूत्र आहे, पिकांचे जनुकनकाशे करणारे आजही वापरतात, 'कोसंबी फंक्शन' म्हणतात त्याला. १९४४ सालचं. हे कोसंबी म्हणजे आपले गोव्याचे दामोदर धर्मानंद, गणिती आणि इतिहासकार. जीवशास्त्रज्ञांच्या कुठल्याच यादीत ते नसतात.

आता तुमच्या बांधावर येतो. इथे उसाची शेती नसलेलं कोण आहे? कुणी नाही. शहाऐंशी-शून्य-बत्तीस लावलाय ना? त्या आकड्याच्या आधी 'को' असतं, बियाण्याच्या पावतीवर बघा. 'को' म्हणजे कोइमतूर. तिथल्या ऊस पैदास केंद्रात १९१२च्या सुमारास गोड, जाड उसाचा संकर नदीकाठच्या रानटी कास गवताशी केला. पांढरे तुरे येतं तेच ते. त्या गवतानं उसाला काटकपणा दिला. १९३०च्या दशकात त्याच केंद्रात एक बाई कामाला आल्या. ई. के. जानकी अम्मल, केरळातल्या तेल्लिचेरीच्या, जन्म १८९७, अमेरिकेत मिशिगनहून डॉक्टरेट घेतलेल्या. त्यांचं काम काय, तर मुळाचं कोवळं टोक काढायचं, रंगवायचं, काचपट्टीवर दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजायची. इथे बारावी सायन्स झालेल्यांनी कांद्याच्या मुळावर हे केलंय. कांद्याची सोळा असतात, तरी आपली मोजणी चुकते. माणसाची शेहेचाळीस. आपण लावतो त्या उसाची शंभराच्या वर! हे त्या बाई मोजत होत्या. उसाचा मक्याशी संकरही त्यांनी करून दाखवला. पुढे इंग्लंडला गेल्या आणि तिथले गुणसूत्रतज्ज्ञ डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश केला, १९४५चा. आणि ऐंशीच्या घरात आल्या तेव्हा केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणात जाऊ नये म्हणून त्या बोलत होत्या. मुळाच्या टोकापासून निघालेली बाई जंगलापर्यंत पोचली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं राहिलीत. विषय पत्रिकेवर छापलाय, त्यामुळे मुख्य मुद्दा आता घाईनं सांगतो.

शास्त्राचं नाव बहुतेक वेळा मागाहून येतं. आधी एक माणूस आणि एक वस्तू असते. अमेरिकेत बार्बरा मॅक्लिंटॉक मक्याच्या कणसातले ठिपकेदार दाणे बघत राहिल्या. त्यातून जनुकं जागा बदलतात असं त्यांनी सांगितलं, आणि १९५१मध्ये ते ऐकणाऱ्यांना फारसं पटलं नाही. १९८३मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. साहनींचे दगडातले जीवाश्म, माहेश्वरींचं फुलातलं बीजांड, तीच गोष्ट. वस्तू जितकी लहान आणि बघणं जितकं लांब, तितकं त्यातून काही सापडतं.

दुसरं, रकाने शिकवून मुलांना वाटतं की क्षेत्रं सगळी वाटून झालीत, आता आपल्याला काय उरलंय. या तालुक्यात सुगरणीच्या वसाहती किती आहेत? कुठल्या विहिरीवर? दरवर्षी त्यातले किती खोपे अर्धे राहतात? कुणी मोजलेलं नाही. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, वही लागते. हायस्कूलच्या बाईंना माझी विनंती आहे, यंदा जूनपासून एका वर्गानं एक विहीर धरावी. तारीख, वेळ, किती घुमट, किती पुरे झाले, एवढंच लिहावं. नोंदी माझ्याकडे दिल्यात तर मी दर महिन्याला येऊन मुलांबरोबर बसेन. प्रश्नपत्रिका काढणारे शिक्षकही इथे आहेत. 'क्षेत्र लिहा' याऐवजी 'त्यांनी काय पाहिलं ते दोन ओळींत लिहा' असं विचारा. तपासायला वेळ लागेल, ते मला माहीत आहे. मी एकतीस वर्षं तपासलेत.

घंटा झाली. खोपा टेबलावरच राहू देतो. पोरांनो, रांगेनं या, हातात घ्या, पण देठाला धरून लोंबवू नका, वरच्या गाठी सुटतील. आणि आतले मातीचे गोळे मोजून मला सांगा. माझे सात आलेत, काल माझ्या नातीचे नऊ आले.